‘चुकीचा मजला’ची शेवटची प्रत

चष्मेवाल्यांच्या घरातली सगळ्यात थंड खोली म्हणजे आतली. भिंती जाड, खिडकी एकच आणि तीही सावलीकडे. कोणताही शहाणा माणूस अशा खोलीत पलंग टाकेल. चष्मेवाल्यांनी तिथे लोखंडी मांडणी टाकली होती आणि मांडणीवर जुन्या सिनेमांच्या रिळांचे डबे निजवले होते. नवरा-बायको झोपायचे पश्चिमेकडच्या खोलीत, जिथे संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. फिल्मला उकाडा सोसत नाही, माणसाला सोसतो, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं होतं. माणसात बायकोही आली, हे त्यांनी तिला न विचारताच धरून टाकलं होतं.

खाली दुकान, वर घर. दिवसभर खाली बसून लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं आणि दुकान बंद केलं की वर येऊन डब्यांवरून फडकं फिरवायचं. आपण थोडे चक्रम आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कधी आरशासमोर उभे राहिले की ते मनातल्या मनात म्हणायचे, "वा, चष्मेवाले, वा," आणि त्यात कौतुक बेताचंच असायचं. पण खोड ठाऊक असली म्हणून ती जाते थोडीच.

सगळ्या डब्यांचा राजा होता ‘चुकीचा मजला’. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक टायपिस्ट मुलगी, आणि सांगितलेल्या मजल्यावर कधीच न थांबणारी एक लिफ्ट, एवढ्या भांडवलावर काढलेला जुना प्रेमाचा विनोदी सिनेमा. जेमतेम एक आठवडा चालला. निर्मात्याने पुन्हा सिनेमाचं नाव काढलं नाही. नायिका नंतर कुठेच दिसली नाही. बहुधा लग्न करून सुखाने संसाराला लागली असेल, पण संग्राहक मंडळी असं साधं काही बोलत नाहीत. त्यांच्या भाषेत ती ‘काळाच्या पडद्याआड’ गेली होती.

या सिनेमात एवढं काय होतं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच होतं, की तो कुणी पाहिलेला नव्हता. लोकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा म्हणजे या मंडळींच्या लेखी उष्टं ताट. जो पडला, सडला, विसरला गेला, त्याच्यासाठी यांचा जीव तुटायचा. बरा असता तर चालला असता आणि चालला असता तर आपल्या वाट्याला आला नसता, एवढा साधा हिशेब. पडलेल्या सिनेमात काहीतरी लपलेलं मोठेपण असणारच अशी त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धेला पुरावा मागायचा नसतो.

गंमत पुढेच आहे. ‘चुकीचा मजला’ची जगातली एकमेव प्रत ज्यांच्या घरी होती, त्या चष्मेवाल्यांनीही ती कधी लावून पाहिली नव्हती. प्रत चालवली की तिच्यावर ओरखडा उठतो, म्हणून ती चालवायची नाही, हा संग्राहकांचा पहिला नियम. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशा पाहुणे आले तरी निघत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. सिनेमाबरोबर विकली जायची ती गाण्यांची चोपडी आणि चार फोटो, एवढ्या बळावर चष्मेवाले या सिनेमावर तासभर व्याख्यान द्यायचे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलताना माणूस कुठे अडखळत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

व्याख्यानाची सुरुवात ठरलेली होती. "तरुणपणी एकदा थिएटरात बसलो असताना माझं लक्ष सहज मागे गेलं. भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून प्रकाशाचा झोत येत होता. त्यात धूळ तरंगत होती. मी उरलेला सगळा वेळ पडद्याकडे पाठ करून तो झोत पाहत बसलो. सिनेमा कोणता होता, ते आज आठवत नाही आणि ते महत्त्वाचंही नाही. त्या दिवशी मी होतो आणि तो प्रकाश होता. बाकी कुणी नव्हतं." इथे ते चष्मा काढून पुसायचे. श्रोते असायचे पाचसहा, पण गंभीर व्हायचे. बायको मात्र व्याख्यानाला कधी आली नाही. तिला म्हणे घरीच पुरेसं ऐकायला मिळायचं.

तरी बायको समजूतदार, हे ते सगळ्यांना सांगायचे. एका बंद पडलेल्या क्लबच्या अडगळीतून ‘चुकीचा मजला’चा डबा घरी आणला, तेव्हा आतली खोली त्यांची झोपायची होती. ती रिकामी करून मागायची कशी, याची त्यांनी जिन्यात उभं राहून तालीम केली होती. उष्णता, दमट हवा, कलेचा वारसा असे मुद्दे ओळीने लावून ठेवले होते. पहिल्या मुद्द्यावर असतानाच बायकोने डबा हातात घेतला, वरचं नाव वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ठेवा आतल्या खोलीत. आपण झोपू पश्चिमेकडच्या खोलीत." एवढंच. पलंगही तिनेच सरकवायला घेतला. मित्रांना चष्मेवाले पुढे अनेकदा सांगत, "बायकोला पटवून देता आलं पाहिजे. बोलण्यात वजन लागतं."

मित्र दोनच. एक दातांचे डॉक्टर, निवृत्त. त्यांच्याकडे प्रोजेक्टर होता आणि लोकांच्या तोंडात वाकून पाहायची सवय सुटली नव्हती, त्यामुळे डब्यातही ते तसेच पाहायचे. दुसरा काडेपेटी. तो आधी काड्यापेट्यांवरची चित्रं जमवायचा, म्हणून हे नाव पडलं आणि छंद बदलला तरी ते राहिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिघं जमत आणि डब्यांचे वास घेत. कुणाला हे ऐकून हसू येईल, पण फिल्म मरायला लागली की तिला व्हिनेगरचा आंबट वास येतो, आणि तो डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. म्हणून तीन प्रौढ गृहस्थ ओळीने उभे राहून, डोळे मिटून, एकेका डब्यात नाक घालत. बायको चहा ठेवून जाताना एवढंच म्हणायची, "सर्दी झाली असेल त्याने आज सुट्टी घ्यावी."

काडेपेटीचं नाक तिघांत तिखट. त्या रविवारी त्याने ‘चुकीचा मजला’चं झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा घेतला आणि झाकण हळूच लावलं.

"आंबतोय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी वास घेतला आणि मान खाली घातली. चष्मेवाल्यांना वास आला नाही. स्वतःच्या घरचा वास कुणाला येत नाही.

"हा डबा दुसऱ्या डब्यांपासून लांब काढा," काडेपेटी म्हणाला. "एक आंबला की शेजारचेही आंबतात. आणि हा आता आकसत जाणार. थोड्या दिवसांनी कोणत्याच प्रोजेक्टरवर चढणार नाही. एकदा चालवायचा असेल तर आत्ताच, आणि चालवताना समोर कॅमेरा लावून उतरवून घ्यायचा."

पुढच्या रविवारी दुपारी सिनेमा लावायचा ठरला. चष्मेवाल्यांना वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याखाली गुदगुल्याही झाल्या. घरात आजारी माणूस असावा आणि त्याच्या निमित्ताने का होईना, सगळ्यांची गाठ पडणार याचा आनंद व्हावा, तसं काहीसं. याचीही त्यांना लाज वाटली.

बायकोला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "मीही बसणार," ती म्हणाली.

"बस की. पण कंटाळशील. जुनं आहे सगळं."

त्या आठवड्यात जेवताना ती सहज म्हणाली, "शेवटी ती मुलगी चपला हातात घेऊन जिन्यात बसते ना, तेवढा भाग नीट असला म्हणजे झालं."

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. चपलांचा उल्लेख चोपडीत नव्हता. चारही फोटोंत जिना नव्हता.

"तुला कसं माहीत?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली. "झाली वाटतं सुरू तुमची थट्टा. भाजी घ्या."

त्यांनी भाजी घेतली, पण तिची चव कळली नाही. हिने ‘चुकीचा मजला’ पाहिला होता. आता खरं सांगायचं तर नवऱ्याच्या मनात आधी यायला हवं होतं की कुणाबरोबर पाहिला. ते आलं, पण दुसऱ्या नंबरावर. आधी आलं ते हे, की हिने शेवट पाहिला आहे आणि मी नाही. ज्या सिनेमाचा मी जगातला एकमेव जाणकार, तो माझ्याच घरात, माझ्याच ताटात भाजी वाढणाऱ्या बाईने पाहून टाकलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. "वा, चष्मेवाले, वा," ते मनात म्हणाले.

मग दुसऱ्या नंबराचा मत्सरही जागा झाला आणि त्याने उशीर भरून काढला. सिनेमा आला त्या आठवड्यात दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, एवढं त्यांना नक्की माहीत होतं. मग ही गेली कुणाबरोबर? दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बॅटरी मारताना त्यांनी बायकोच्या माहेरचे सगळे तरुण आठवून पाहिले. संशय शेवटी शेजारच्या एका बासरी वाजवणाऱ्या मुलावर येऊन बसला. एका बाईंना त्या दिवशी त्यांनी चुकीच्या नंबराचा चष्मा दिला आणि त्या दुकानाच्या पायऱ्या चाचपत परत आल्या.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी खडा टाकून पाहिला. "तुमच्या शेजारी तो बासरीवाला होता ना, त्याला सिनेमाची आवड होती का गं?"

"त्याला ऐकू कमी यायचं," बायको म्हणाली. "म्हणून तर एवढं बिनधास्त वाजवायचा. का हो?"

"काही नाही, आपलं सहज."

सरळ विचारावं, एवढं साधं काही त्यांना सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण विचारलं तर आपण हा सिनेमा पाहिलेला नाही हे कबूल करावं लागलं असतं, आणि व्याख्यात्याचा जीव त्यात अडकला होता. चोराच्या मनात चांदणं असतं.

रविवारी दुपारी आतल्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावली. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. डॉक्टरांनी प्रोजेक्टर मांडला, काडेपेटीने कॅमेरा लावला. बायको आली ती केस नीट विंचरून, अत्तर लावून. काडेपेटीने नाकाला हात लावला, पण वहिनींना बोलणार कोण. ती चष्मेवाल्यांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसली. चष्मेवाले प्रास्ताविकाला उठले. "तरुणपणी एकदा थिएटरात..." एवढं त्यांनी म्हटलं, तोच डॉक्टर म्हणाले, "आम्हाला पाठ आहे ते. रीळ आकसतंय, बसा." डॉक्टरांनी त्या दिवशी नकळत केवढा उपकार केला, ते चष्मेवाल्यांना थोड्याच वेळात कळायचं होतं.

सिनेमा सुरू झाला. खरं ते लिहायला हवं, सिनेमा फारसा बरा नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा प्रत्येक वाक्यानंतर भुवई उडवायचा. टायपिस्टचा साहेब चिडला की टोपी आपटायचा, आणि ती टोपी दर वेळी खिडकीतून बाहेर जायची. पण मुलगी गोड होती. हसू आलं की ती ओठ मुडपून ते दाबायची आणि तरी ते निसटायचंच. बायको मनापासून हसत होती. एका वाक्याच्या तर आधीच हसली. चष्मेवाले पडद्यापेक्षा तिच्याकडे जास्त पाहत होते, आणि प्रत्येक हसण्याला त्यांना बासरी ऐकू येत होती.

मधल्या रिळात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत तो, बाहेर ती. जाळीतून तो तिला काहीतरी सांगू लागला.

"इथे," बायको मागे वळून डॉक्टरांना म्हणाली, "बरोबर इथे हे थिएटरात खुर्चीत उलटे वळून बसले. मी म्हटलं, अहो, तो लग्नाचं विचारतोय तिला. तर हे ढिम्म. मागच्या खिडकीकडे तोंड वासून बघतायत. मागच्या रांगेतल्या बाईला वाटलं तिच्याकडेच बघतायत. तिने नवऱ्याला सांगितलं. केवढं भांडण झालं असतं."

कॅमेऱ्यामागून काडेपेटीने मान वर काढली.

चष्मेवाल्यांच्या डोक्यात तो झोत लागला. तोच, व्याख्यानातला. चौकोनी खिडकी, धूळ. आणि त्या झोताच्या खालच्या कडेला एक चिडलेली बाई, जिला ते इतकी वर्षं कापून टाकत आले होते. बाईच्या पुढच्या रांगेत ते स्वतः. आणि शेजारी, बाहीला धरून ओढणारा एक हात. लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा बाहेर गेलेली. ते उशिरा पोचले होते, पडद्यावरच्या नावांच्या पाट्या सरून गेल्या होत्या, तिकिटं तिनेच काढून ठेवली होती. सिनेमाचं नाव त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. तिच्याबरोबर गेलेला माणूस दुसरा कुणी नव्हताच.

"पण भाषणात तर तुम्ही म्हणता की त्या दिवशी..." डॉक्टरांनी सुरुवात केली आणि मध्येच "आई गं" म्हणून थांबले. काडेपेटीने त्यांच्या पायावर पाय दिला होता.

"काय म्हणतात भाषणात?" बायकोने विचारलं.

"तेच," काडेपेटी म्हणाला. "झोताचं."

बायको खूष होऊन पुन्हा पडद्याकडे वळली. "मला माहीत होतं. डबा आणला त्या दिवशीच कळलं मला. तोंडाने बोलायचे नाहीत, पण कुठून कुठून शोधून आणला बघा."

म्हणजे बोलण्याचं वजन वगैरे काही नव्हतं. ही त्या भाजणाऱ्या खोलीत इतके उन्हाळे झोपली ती आपल्या पहिल्या दिवसासाठी. आणि तो दिवस व्याख्यानात त्यांनी एकट्याच्या नावावर करून घेतला होता. आता गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी राहणार होतं. मित्र बोलणार नव्हते. तिचा आनंद तिच्याजवळ, आपला डबा आपल्याजवळ. फक्त यापुढे तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की दर वेळी मान खाली घालावी लागणार होती.

शेवटचं रीळ चढलंच नाही. तेच सगळ्यात जास्त आंबलं होतं. डॉक्टरांनी दोनदा लावून पाहिलं, दोनदा ते वाकडं होऊन बाहेर आलं. चादरीवर नुसता पांढरा चौकोन पडला.

"संपलं," काडेपेटी म्हणाला. "शेवट गेला. आता तो कुणालाच कळायचा नाही."

"मी सांगते की," बायको म्हणाली.

आणि तिने सांगितला. ती जिने चढून वर पोचते तोवर तो लिफ्टने खाली गेलेला. ती खाली येते, तो वर. असं किती वेळा. शेवटी ती चपला काढून हातात घेते आणि मधल्याच जिन्यात बसते. म्हणते, आता मी हलणार नाही. ज्याला यायचंय त्याने पायांनी यावं.

"आला?" डॉक्टरांनी विचारलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच सिनेमाबद्दल साधा प्रश्न विचारत होते.

"आला. पण बराच उशिरा. थिएटरात लोक उठायला लागले होते."

मित्रांनी सामान आवरलं आणि काढता पाय घेतला. घोंगडी निघाली, उजेड आत आला. बायको चादरीच्या घड्या करत गुणगुणत होती. चष्मेवाल्यांनी चादरीची दुसरी दोन टोकं धरली.

"अगं," ते म्हणाले, "हा सिनेमा आपण पाहिला होता, हे मला आज कळलं."

ती थांबली. "म्हणजे?"

"आज, आत्ता, तू डॉक्टरांना सांगितलंस तेव्हा. तो दिवस आठवत होता. झोत आठवत होता. सिनेमा कोणता ते माहीत नव्हतं. आणि..." इथे व्याख्यात्याला आयुष्यात पहिल्यांदा शब्द सापडेना. "आणि शेजारी तू होतीस, ते मी सांगायचो नाही. आठवायचंच नाही."

"डबा आणलात तेव्हा?"

"तेव्हाही नाही. कुणाकडे नव्हता, म्हणून आणला."

चादर दोघांच्या मध्ये ताणलेली राहिली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. "मग मी त्या भट्टीत झोपले ती कशासाठी?"

"मला वाटलं, माझं बोलणं तुला पटलं."

"तुमचं बोलणं मी ऐकलंय कधी?"

तिने चादर हातातून सोडली आणि पश्चिमेकडच्या खोलीत गेली. चष्मेवाल्यांना वाटलं, बॅग भरायला गेली. परत आली ती गादीची वळकटी आणि उशी घेऊन. गादी तिने आतल्या खोलीत जमिनीवर पसरली.

"डबे बाहेर काढा," ती म्हणाली.

"उकाड्यात? मरतील गं ते."

"मी नाही मेले."

चष्मेवाले डबे वाहू लागले. एकेक डबा पोटाशी धरून नेताना त्यांना कळेना की आपल्याला नेमकं कशाचं रडू येतंय, आणि डब्यांचं नाही एवढं कळल्यावर ते मुकाट्याने भराभर वाहू लागले. मांडणी रिकामी झाली. वेगळा काढून ठेवलेला ‘चुकीचा मजला’ तेवढा कोपऱ्यात राहिला. तो उचलायला ते वाकले.

"तो राहू द्या."

"अगं, हाच तर आंबलाय. वास येईल रात्रभर."

"येऊ दे. तो माझा आहे."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. खोली खरंच थंड होती. चष्मेवाले आपली उशी घेऊन दारात उभे राहिले. आत जावं तर बोलावणं नाही, परत जावं तर तिकडे डबे. शेवटी ते उंबऱ्यावरच बसले.

"त्या दिवशी मी काय घातलं होतं?" तिने न वळता विचारलं.

ते आठवू लागले. खिडकी आठवली, धूळ आठवली, ती चिडलेली बाईसुद्धा आठवली, तिच्या हातातल्या पंख्यासकट. मग त्यांनी मनातल्या मनात मान वळवली, जी तेव्हा वळवली नव्हती, आणि शेजारच्या खुर्चीकडे पाहायचा प्रयत्न केला. चष्मा पुसून काही उपयोग नव्हता.

"हिरवं काहीतरी होतं," ते म्हणाले.

"निळं होतं," बायको म्हणाली, आणि गादीवर एका उशीपुरती जागा सोडून थोडी भिंतीकडे सरकली.